कारभाऱ्याचं कडवं

घोलवडला माझ्या थोरल्या भावाची चिकूची वाडी आहे आणि गेली काही वर्षं त्या वाडीत पाहुण्यांसाठी चार खोल्याही आहेत. खोल्या बांधल्या तेव्हा मुंबईच्या कोणीतरी त्याला सांगितलं, की लोक नुसत्या चिकूसाठी येत नाहीत, त्यांना जागेची गोष्ट लागते. भावाकडे गोष्ट होती. ती त्याने फाटकाजवळच्या पाटीवर रंगवून घेतली.

गोष्ट आमच्या आजोबांची. ते तलासरीकडच्या एका बड्या जमीनदाराचे कारभारी होते. स्वातंत्र्याच्या जरा आधी तिकडच्या आदिवासींनी वेठीविरुद्ध उठाव केला. फुकट राबणार नाही, पुरेशी मजुरी मिळाल्याशिवाय गवत कापणार नाही, म्हणाले. तेव्हा, पाटीवर लिहिल्याप्रमाणे, आजोबांना गरिबांचे हाल बघवले नाहीत, त्यांनी नोकरीवर पाणी सोडलं आणि शेकडो आदिवासी त्यांच्यासोबत थेट रेल्वे स्टेशनापर्यंत चालत आले. मराठी आणि गुजराती मजकूर भावाचा आहे. इंग्रजी माझं. तलासरीच्या आश्रमशाळेत मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, तेव्हा ते काम माझ्याकडे येणं साहजिक होतं. 'सोबत चालत आले' याचं भाषांतर करताना मला गहिवरून आलं होतं, हेही सांगून टाकते.

दोन हिवाळ्यांपूर्वी भावाकडे एक आयरिश पाहुणा उतरला. सत्तरीच्या आसपासचा, निवृत्त पोस्टमन. मुलगी मुंबईत नोकरीला, तिच्या चौदाव्या मजल्यावरच्या घरात बसून त्याला कंटाळा आला, म्हणून तिने त्याला समुद्राकडे पाठवलं. समुद्र त्याच्याकडेही होता. त्याने पहिल्याच सकाळी पाटी वाचली, नाश्त्याला भावाकडून गोष्ट पुन्हा ऐकली, वहीत लिहून घेतली आणि विचारलं, "या उठावावर गाणी आहेत का?"

भावाने माझ्याकडे बघितलं. मी रविवारी सकाळीच डहाणूहून त्याच्याकडे येते आणि जेवून परत जाते, त्या दिवशीही आले होते.

"असतील की," मी म्हणाले. "पण ती ऐकायची म्हणजे तिकडे जावं लागेल."

त्याने मग स्वतःचं सांगितलं. त्याच्या आजीचा भाऊ इंग्रजांविरुद्ध, त्यांच्या प्रजासत्ताकासाठी लढताना मेला. गावात त्याच्यावर गाणं आहे. ते गाणं हा पोस्टमन चाळीस वर्षं गावच्या दारूच्या गुत्त्यात दर शनिवारी म्हणतोय. "आमच्याकडे इतिहास शाळेत शिकतात आणि गुत्त्यात दुरुस्त करतात," तो म्हणाला. भाऊ हसला. त्याला हे फार आवडलं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी तलासरीच्या पुढे, डोंगराच्या बाजूला एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. पन्नाशीची असेल. सगळे तिला ताई म्हणतात, आता मीही. लग्नात गाणाऱ्या बायकांमध्ये तिचा आवाज पहिला, हे मला माहीत होतं. फोन केला तर म्हणाली, "पुढच्या रविवारी आणा बाई पाहुण्याला. बाकीचे दिवस मला मोबाईलमध्ये पोरांची वजनं भरायची असतात. वजन भरलं नाय तर गाणं कोण विचारतंय."

तर त्या रविवारी मी आणि पाहुणा भावाच्या गाडीने निघालो. भाऊ स्वतः आला नाही. तलासरीकडे जायचं म्हटलं, की त्याची कंबर दुखते. आमचे वडीलही रेल्वे रुळांच्या पलीकडे, त्या बाजूला फारसे जात नसत. त्यांचंही काहीतरी दुखायचं.

पाड्यावर ताईने ओटीवर चटया घातल्या होत्या. तिच्यासारख्या पाच-सहा बायका आल्या होत्या, दोन म्हातारे कुडाला टेकून बसले होते. पाहुण्याला पाणी झालं, चहा झाला. मग कुठलीही प्रस्तावना न करता ताईने सुरुवात केली आणि बाकीच्यांनी ओळ उचलली. चाल लग्नातली होती. मी ओळखली. शाळेत मुली ती सारखी गुणगुणायच्या आणि एका वर्षी स्नेहसंमेलनात मी स्वतः ती कवायतीच्या नाचासाठी घ्यायला लावली होती.

गाणं लांब होतं. मी पाहुण्याच्या कानाशी वाकून एकेक कडवं इंग्रजीत सांगत होते. डोंगरावरून डोंगरावर निरोप गेला. कोयते घरात राहिले, गवत उभंच राहिलं. शेट माडीवरून बघत राहिला. मग पोलिसांची गाडी आली, आणि एक वीर सगळ्यांच्या वर, आभाळाला डोकं लावून उभा राहिला, त्याने हाक दिली आणि त्याला गोळी लागली. इथे आवाज खाली आले. कुडाजवळच्या एका म्हाताऱ्याने मान खाली घातली. मी तीही ओळ सांगितली, माझ्या मते चांगली सांगितली.

मग एकदम चाल तीच पण सूर बदलला. बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. ताईने टाळी धरली.

*कारभारी चालला टेसनाला गो,*
*एका पायांत चप्पल, एका पायांत काटा,*
*वळकटी कोनाच्या डोकीवर गो,*
*आपलीच वळकटी, आपलाच माथा.*

यापुढे आणखी होतं. मागून बायका केरसुण्या घेऊन चालतात. कारभारी म्हणतो, अगं परत जा. बायका म्हणतात, तुला गाडीत बसवल्याशिवाय कशा जाऊ? जन्मभर आमच्या डोक्यावर ओझं दिलंस, आज बघू दे तुझी मान कशी दुखते. मोठा हशा झाला. ओटीच्या कडेला बसलेली एक बाई उठून डोक्यावर उशी घेऊन लंगडत चालून दाखवायला लागली.

शेकडो आदिवासी त्यांच्यासोबत स्टेशनापर्यंत चालत आले. माझ्या डोळ्यांपुढे पाटीवरची ती ओळ आली, तिन्ही भाषांत.

पाहुण्याने हसत विचारलं, "काय म्हणतात?"

"कोणीतरी नोकर पळून जातो, असं काहीतरी आहे," मी म्हणाले. "विनोदी आहे. भाषांतरात मजा येत नाही."

ताईने माझ्याकडे बघितलं.

गाणं संपलं. पाहुण्याने विचारलं, तो आभाळाला टेकलेला वीर कोण? ताई म्हणाली, तिच्या आजोबांचा धाकटा भाऊ.

"तो ताडावर होता," ती म्हणाली. "ताडी काढायला चढला होता. उठाव-बिठाव त्याला काय तेवढं ठाऊक नव्हतं. वरून त्याला गाडी दिसली, तर त्यानं हाक मारली, पळा म्हणून. हाक मारली तर त्याचा ठावठिकाणा कळला. गाण्यात ताडी कशी घालणार? म्हणून आभाळ घातलं."

मी हे सांगितलं. पाहुण्याने डोळे मिटले आणि आपलं गाणं म्हटलं, त्यांच्या आयरिश भाषेत. आवाज म्हातारा झाला होता पण चाल त्याच्या ताब्यात होती. मधेच तो थांबून मला अर्थ सांगायचा, मी बायकांना सांगायची. एक तरुण पुलावर एकटा उभा राहतो, सगळे साथीदार निसटेपर्यंत सैनिकांना अडवतो आणि पाण्यात पडतो.

"खरं असंच झालं?" ताईने विचारलं.

पाहुणा हसला. "माझी आजी म्हणायची, तो निसटला होता. पूल ओलांडून गेला होता. पण कोट मागे राहिला. कोट थोरल्या भावाचा होता, हरवला असता तर घरी मार बसला असता. म्हणून तो कोट आणायला परत फिरला."

मी सांगितल्यावर बायका 'आई गं' म्हणाल्या. ज्या म्हाताऱ्याने मघाशी मान खाली घातली होती तो पहिल्यांदाच बोलला. "कोट सापडला का?"

"नाही," पाहुणा म्हणाला. "सैनिकांनी नेला."

"मग त्याच्या बायकोचं काय झालं?" ताईने विचारलं.

मी प्रश्न पोचवला. तरुणाला बायको होती, एवढं पाहुण्याला माहीत होतं. गाण्यात ती नाही. चाळीस वर्षं दर शनिवारी तो हे म्हणत आला होता आणि हे त्याला कोणी विचारलं नव्हतं.

"पुरुषांनी केलं असेल गाणं," ताई म्हणाली आणि विषय तिच्यापुरता मिटला.

पाहुणा आता रंगात आला होता. त्याने त्या गाण्याची आणखी एक गंमत सांगितली. पूल कोणत्या वाटेने गाठायचा हे सैनिकांना गावातल्या एका दुकानदाराने दाखवलं. त्या दुकानदारावर एक कडवं आहे, अगदी झोंबणारं. त्याचा नातू आजही तेच दुकान चालवतो, भला माणूस आहे, सगळे त्याच्याकडूनच ब्रेड घेतात. तो शनिवारी गुत्त्यात आला, की पाहुणा ते कडवं गाळतो. "पण होतं काय," तो म्हणाला, "गाळलं की सगळे आपापल्या पेल्यात बघतात. कडवं म्हटलं असतं तर अर्ध्या मिनिटात संपलं असतं."

त्याने माझ्याकडे बघितलं. हे त्यांना सांगा, असा अर्थ होता.

मला सांगावंच लागलं. मी शब्द जमेल तितके कमी वापरले. बायका हसल्या. ताई हसली नाही. ती म्हणाली, "मग बाई, तुमीपण मघाशी तेच केलं ना."

"काय केलं?"

"कारभाऱ्याचं कडवं एवढं मोठं, आणि तुमचं इंग्लिश एवढंसं झालं." तिने बोटाच्या पेराएवढं दाखवलं.

मी म्हणाले, भाषांतरात मजा येत नाही. दुसऱ्यांदा म्हटल्यावर ते मलाच फार वाईट इंग्रजीच्या शिक्षिकेसारखं वाटलं.

"तुमचे आजोबा ना ते," ताई म्हणाली. आवाजात कुठलाही डंख नव्हता. अंगणवाडीत पोराचं वजन वाचून दाखवावं तसं ती बोलली. "आमाला म्हायती हाय. आख्ख्या पाड्याला हाय. तुमी शाळेत नव्या आलात तवाच म्हातारी मानसं म्हणाली, ही कारभाऱ्याची नात. तुमी वर्गात आलात की मागच्या बाकावरच्या पोरी ते गुणगुणायच्या. मीपण."

"आणि मी ते स्नेहसंमेलनात घेतलं."

"हो. पण तवा आमी ते कडवं नव्हतं म्हटलं," ती म्हणाली. "बाईंना वाईट वाटेल म्हणून."

इतकी वर्षं मी त्या शाळेत उभी राहून मुलांना सांगत आले होते, की इतिहास विसरू नका. आणि मागच्या बाकावर इतिहास बसून माझी काळजी घेत होता.

पाहुणा वाट बघत होता. मी त्याच्याकडे वळले आणि कडवं सगळं सांगितलं. चप्पल, काटा, वळकटी, केरसुण्या, मान. एकही शब्द गाळला नाही. तो आधी मोकळेपणाने हसला. 'स्टेशन'पाशी त्याचं हसू अडखळलं. त्याने वही काढली, मागचं पान उलटून भावाची नाश्त्याची गोष्ट वाचली, मग माझ्याकडे बघितलं.

"हे तेच चालणं का?"

"तेच."

"तुम्हाला माहीत होतं?"

"आज कळलं. अर्ध्या तासापूर्वी."

तो काहीतरी सांत्वनाचं बोलेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "तुमच्या आजोबांचं नशीब. आमच्या दुकानदाराला एवढं चांगलं कडवं मिळालं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुंबईला जायला निघाला. मी त्याला निरोप द्यायला वाडीवर गेले होते. भावाने त्याच्यासाठी चिकूंची पेटी बांधून ठेवली होती. त्याने विचारलं, "मग, मिळाली का गाणी?"

मी चपापले. पाहुणा मात्र अगदी गंभीरपणे म्हणाला, "मिळालं. तुमचे आजोबा त्यात आहेत."

"गाण्यात?"

"पुरं कडवं आहे."

भावाचा चेहरा असा उजळला, की मला मध्ये बोलता आलं नाही. बोलता आलं असतं. बोलले नाही, हे खरं. आठवड्याभरात पाटीवर नवी ओळ आली: यांच्या स्मरणार्थ आदिवासी बांधव आजही लोकगीत गातात. त्याने इंग्रजी मागितलं. मी म्हणाले, जागा पुरणार नाही.

एवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं. पण त्याने होळीच्या आधी पाहुण्यांची गर्दी असते त्या शनिवार-रविवारी गाण्याचा कार्यक्रम ठरवला आणि मला ताईला बोलवायला सांगितलं. मी ताईला स्पष्ट सांगितलं, की भावाला काही माहीत नाही.

"मग काय करू? गाळू?" तिने विचारलं.

"तुला योग्य वाटेल तसं," मी म्हणाले. शिक्षकी पेशात हे वाक्य फार उपयोगी पडतं.

तिने गाळलं नाही. संध्याकाळी पाचच्या सुमारास, चिकूच्या झाडांखाली, मुंबईच्या पंधरा-वीस मंडळींसमोर सात बायकांनी सगळं गाणं म्हटलं. मी भावाच्या शेजारी बसले होते. ताडावरच्या माणसापाशी तो गंभीर होता. कारभारी आला तसा तो सरसावून बसला, आजूबाजूला बघितलं, आणि टाळी धरली. पहिल्या दोन ओळींवर टाळी चालू होती. तिसऱ्या ओळीवर मंद झाली. मुंबईची मंडळी चालीवर खूश होती, ती जोरात टाळ्या देत होती, त्यामुळे त्यालाही थांबता येईना. उशीवाल्या बाईने इथे वाडीतलीच रिकामी चिकूची पेटी डोक्यावर घेतली होती. लोकांनी मोबाईल वर केले.

सगळे पांगल्यावर भाऊ माझ्याकडे आला. मी बोलणी खायची तयारी ठेवली होती.

"चप्पल दोन्ही पायात होती," तो म्हणाला.

"काय?"

"आजोबांच्या. दोन्ही पायात होती. वाटेत नदीपाशी एक तुटली, ती त्यांनी हातात घेतली. बाबा सांगायचे."

"बाबा काय सांगायचे?"

मग तो सांगू लागला. बाबा तेव्हा लहान होते, सोबत होते. आजोबांनी वळकटी बाबांच्या डोक्यावर द्यायला काढली, तर बायकांनी देऊ दिली नाही. पोराला नाही, तूच घे, म्हणाल्या. आणि वाटेत त्यांनीच बाबांना नाचणीची भाकर दिली. हे बाबांनी भावाला त्याच्या लग्नाआधी सांगितलं होतं, एकदाच.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू तिकडे नोकरीला लागली होतीस. रोज त्यांच्यात जायचं होतं तुला. कशाला सांगायचं?"

म्हणजे पाड्याला माहीत होतं, घराला माहीत होतं, आणि दोघांनी मिळून मला वाचवलं होतं. मी त्याला पाटीबद्दल विचारलं. तो जरा वैतागला.

"पाटीत खोटं काय आहे? नोकरी सोडली. लोक स्टेशनापर्यंत आले. आता कसे आले हे पाटीवर मावतं का?"

बायका निघायच्या आधी ताईने वाडीत एक चक्कर मारली. भाऊ तिच्या मागे मागे, काय बोलावं ते न कळून, झाडांची वयं सांगत होता. तिने ती सगळी ऐकून घेतली आणि मग म्हणाली, "शेट, पाच कलमं द्या. अंगणवाडीमागे लावते."

त्याला 'शेट' झोंबलं असावं, पण पाच कलमं त्याने स्वतः निवडून गाडीत ठेवली. बाबांना वाटेत दिलेल्या भाकरीबद्दल काही बोलेल असं मला वाटलं होतं. तो पाणी किती आणि कधी घालायचं एवढंच बोलला, तेही दोनदा.

पावसाळ्यानंतर ताईचा फोन आला. तीन मेली, दोन लागली. भावाचं म्हणणं, तिकडची जमीन मुरमाड आहे. ताईचं म्हणणं, कलमंच शिळी दिली होती. मी दोघांचं दोघांना पोचवत असते, आता शब्दशः.